पोटावरच्या जांभळ्या रेघा

१५ ऑक्टोबर २०२५, सिल्वासा
लिही धनश्री. दिवाळीच्या सुट्टीत आलेली नात, एवढं शिकलीय, तर तेवढा तरी उपयोग होऊ दे.
लिव्हरमधल्या गाठीला आज वापीला किरणांचा दुसरा शेक दिला. पाच द्यायचेत. मशीनवाल्यानं पोटावर जांभळ्या रेघा काढल्यात. म्हणे, "आजी, पुसायच्या नाहीत हां." रेघा कसल्या, कोंबडी नाचून गेली! माझी माय धुळ्याच्या बाजारात गोंदायची. ती असं गोंदती, तर बायांनी सुई हिसकावली असती.

१६ ऑक्टोबर
धनश्री कॉलेजात हेच शिकते. म्हणते, किरण पेशीत शिरले की आतला डीएनएचा धागा तुटतो. मग पी-५३ नावाचं प्रथिन ठरवतं— शिवायचा, की पेशीनं मरायचं. पी-५३? हे नाव की बसचा नंबर?
गाठीतल्या पेशींना शिवण धड जमत नाही, त्या मरतात. चांगल्या पेशी शिवून घेतात. पण त्यांनाही किरण फार लागले, तर शेजारच्या चांदणीसारख्या पेशी चिडतात आणि चट्टा विणत सुटतात. लिव्हर दगड.
"आणि आजी, तुझं चांगलं लिव्हर मूठभरच उरलंय."
मूठ कोणाची, ते नाही सांगितलं.

२० ऑक्टोबर
नरकचतुर्दशी. सून मनीषा म्हणे, "आई, पोटाला उटणं नको." सासूला आंघोळ शिकवते! चांगलं रगडून लावलं.
पुढचं सांगत नाही. तू लिहून टाकशील.

२४ ऑक्टोबर
अपमान झाला. लिही.
उटण्यानं रेघा गेल्या होत्या. गेल्या तर गेल्या. धनश्रीचा मार्कर घेतला, आरशात बघून नव्या काढल्या. मायची लेक आहे मी, रेघ सुतात. त्या मशीनवाल्यानं जन्मात काढली नसती.
दिवाळी संपली, आज तिसरा शेक. मशीनवर झोपले, श्वास रोखणारच होते, तोच मला झोपवून निघालेली मनीषा दारातून परत फिरली. गाऊन सारखा करताना बघितलं असणार. "दादा, थांबा. तुमच्या रेघा वाकड्या होत्या. या सरळ आहेत."
शेक रद्द. पुन्हा फोटो, पुन्हा कोंबडी. मशीनवाला म्हणाला, दोन बोटं सरकल्या होत्या. धनश्री रडायलाच लागली— "आजी, सगळा शेक चांगल्या लिव्हरवर पडला असता."
असेल. पण चारचौघांत सांगायचं? चहाडखोर सून. गलोंडा गावच्या कंपनीत खोकी चिकटवते आणि माझ्या रेघा तपासते. हिच्याशी बोलणार नाही. हे ठळक लिही.

२७ ऑक्टोबर
धनश्री कॉलेजला परत गेली. हे मनीषा लिहितेय, दुसरं कोण आहे.
विचारलं, मागची पानं वाचलीस? वाचली, म्हणते.
म्हटलं, तो चहाडखोर खोड. पेन हललं नाही.
"राहू द्या, आई. पोट दाखवा. रेघा बघते."
दाखवलं.