दारातली हाक

सान मेल्चोर, ओआहाका
४ ऑक्टोबर १९९८

चि. पाउला हिला ओदिलियामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, चुकांना हसू नकोस. तुझी आई स्पॅनिश विसरली, तुला ओळखत नाही, दिवसभर आमच्या झापोटेक भाषेतले तेच दोन शब्द ओरडते, आणि डॉक्टर त्याला बडबड म्हणतो. त्याला म्हणावं, गप्प बस. ती दारात उभी आहे.

आमच्यात कुंपणाशी थांबून त्याच दोन शब्दांत हाक मारतात, घरात आहात का म्हणून. आतून या म्हटल्याशिवाय पाय टाकायचा नाही. आमच्या चालीरीती लिहून घ्यायला तुझी आई एल्विरा पहिल्यांदा आली ती सरळ आत शिरली. कुत्रं चावलं, वर माझ्या आईच्या शिव्या. तेव्हापासून बाई उन्हात तिष्ठेल, पण न विचारता आत येणार नाही. तू उत्तर देत नाहीस, मग ती ओरडणार नाही तर काय करणार?

उत्तर खाली लिहिलंय. शेवट वर उचल, कोंबड्यांना बोलावतात तसा. शहरात कोंबड्या नसतील तर अंदाजाने उचल.

मावशीची माया आहेच, ती असू दे.

ओदिलिया

मेक्सिको शहर
१९ ऑक्टोबर

ती. ओदिलियामावशी यांस पाउलाचा सा. न.

आई काल गेली.

सकाळी मी तुमचं उत्तर म्हटलं. तिसऱ्यांदा जमलं असावं. ती हसली, पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखी अवघडून बसली, माझा हात धरला. मग तुमच्या भाषेतलं एक वाक्य बोलून उठायला लागली. ऐकलं तसं कागदाच्या मागे लिहिलंय. दुपारी संपलं.

मी मामीकडे वाढले, आई कायम तुमच्या गावात असायची. तुमच्यावर फार जळायचे मी. ती काय म्हणाली तेवढं कळवा, वाईट असलं तरी. राग नसावा.

पाउला

सान मेल्चोर
२७ ऑक्टोबर

चि. पाउला हिला आशीर्वाद.

रडून झालं, मग लिहायला बसले. तुझी अक्षरं वाकडी, पण मोठ्याने वाचलं आणि लगेच ओळखलं. कुठल्याही घरी टेकली की ती हेच म्हणायची, फार बसत नाही, घरी माझी पोर वाट बघतेय. आम्ही हसायचो. पोर शहरात, वाट कसली बघते म्हणायचो, आणि पुढ्यात घेवडा वाढायचो. की संध्याकाळपर्यंत बसली.

या खेपेला खरंच उठली. तुझाच हात सोडून तुझ्याकडे निघाली होती, बाई.

इकडे ये. कुंपणाशी थांबू नकोस, हाकही मारू नकोस. कुत्रं मी बांधून ठेवते.

तुझी मावशी
ओदिलिया