होडीला मोरी

मुलुंड, ८ ऑक्टोबर १९८४

ती. दत्ताराममामांस,
चंद्रप्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी मी दोन बस बदलून माहुलला आलो आणि तुम्ही मागच्या दाराने निघून गेलात. मामी म्हणाल्या, जाळं बघायला गेले. जाळं तर दारातच वाळत होतं. म्हणून पत्र लिहितोय. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे, त्यातल्या चुका काढत बसू नका. आधीच खूप काढल्यात.

मी बनवलेली माशांची टाकी तुम्ही होडीतून उपटलीत, अंगणात पालथी टाकलीत आणि खाली कोंबड्या बसवल्यात. मामा, त्या टाकीत माझे गणपतीपासूनचे सगळे रविवार गेलेत. प्लायवूड, आतून थर्माकोल, वरून फायबरग्लासचे तीन कोट. अजून बोटांना खाज येते. तुमचे मासे टोपलीत उन्हाने मऊ पडायचे आणि बाजारात बायका बोटाने दाबून परत टाकायच्या, म्हणून केलं ना हे? बर्फात मासे टिकतात. पण वितळलेलं पाणी साठलं की खालचे मासे जातात, म्हणून ड्रेन लागतो. म्हणून मी होडीच्या बाजूला भोक पाडून पाइप बाहेर काढला आणि टाकीत बूच लावलं. भोक पाण्याच्या वर चार बोटं होतं. मी स्वतः पाण्यात उभं राहून पेन्सिलने वॉटरलाइन मार्क केली होती. टाकीत दोन बादल्या ओतून टेस्टपण केली. सगळं पाणी बाहेर गेलं, झकास. तुम्ही काठावर बसून बघत होतात.

मग पहिल्याच फेरीत होडी बुडते कशी? तुम्ही बूच भर समुद्रात उघडलं असणार. मी तीनदा सांगितलं होतं, खाडीत शिरल्यावर, मासे उतरवायच्या आधी उघडा. ऐकायचं नाही आणि मग टाकीवर राग काढायचा. आई म्हणते, भाऊबीजेला दत्ता आला नाही तर मी ताट वाढून तशीच बसेन. तिचा काय गुन्हा?

राग आहे तरी नमस्कार खरा आहे, तेवढा ठेवून घ्या.
चंद्रप्रकाश


माहुल, ११ ऑक्टोबर १९८४

चि. चंद्रप्रकाश यास,
दत्ताराममामाचा आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, रीत आहे म्हणून देतोय.

बाबा सांगतायत आणि मी प्रेमा लिहितेय. ते मालवणीत बोलतात, मी शाळेचं मराठी करते. शिव्या गाळल्यात, एक ठेवलीय.

मेल्या, बूच मी समुद्रात उघडलं नाही. तू सांगितलंस तिथेच उघडलं. बंदर समोर दिसत होतं. होडीत मी, माझा जोडीदार काशीराम, ओलं जाळं, बर्फाच्या दोन लाद्या आणि टाकीभर बोय नि कोळंबी. बूच काढलं तर पाणी बाहेर जायचं सोडून आत आलं. काशीराम म्हणाला, बर्फ लवकर वितळतोय. मी म्हटलं, गप बस, माझा भाचा इंजिनीयरिंग शिकतो. तोवर टाकी भरली आणि कोळंबी माझ्या पायांवरून वाहत निघाली. बूच कुठे तर माशांच्या खाली. होडी एका अंगावर कलली आणि तळाला बसली. छातीभरच पाणी होतं म्हणून वाचलो. जाळं चिखलातून सोडवायला दोन दिवस गेले.

वीस वर्षं मिलमध्ये काढली, संपात नोकरी गेली. आता पोटाला आहे ती ही होडी. माझा बाप होडीला खिळा मारायचा तरी आधी लाकडाला हात लावून नमस्कार करायचा. तू तिला न्हाणीसारखी मोरी केलीस. आता टाकी नको, बर्फ नको, तूही नको. तुझ्या आईला, मालनला, काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तुझा मामा, इलाज नाही म्हणून.

चंदू, बाबा विडी प्यायला गेले, आता माझं ऐक. तू बिनडोक आहेस. बंदरावर सगळे हसले आणि हे भोक कोणाच्या डोक्यातलं म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, माझ्या. तुझं नाव काढलं नाही. आता पोरंसोरं त्यांना मोरीवाले म्हणतात. होडी विकायची म्हणून त्यांनी काशीरामला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. कर काहीतरी. प्रेमा


मुलुंड, १४ ऑक्टोबर १९८४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचं पातेलं पिंपात तरंगवलं, बाहेरून पेन्सिलने खूण केली आणि आत तांदूळ घातले. दुसऱ्या किलोला खूण पाण्याखाली गेली. मी रिकाम्या होडीची वॉटरलाइन काढली होती, मामा. कॉलेजात गणित सोडवतो तेव्हा वजन पहिल्याच ओळीत दिलेलं असतं. इथे ते मीच विचारायला हवं होतं. चूक माझी, शंभर टक्के. आई तांदळाबद्दल ओरडली, तेही माझ्याच खात्यात.

पण आता माझा राग डबल झालाय. तुम्ही जन्मापासून होडीत बसता. भरलेली होडी खाली बसते हे तुम्हाला मी सांगायला हवं? मी खूण करत होतो तेव्हा तुम्ही दहा फुटांवर होतात. तोंडातून एक शब्द नाही. का? आणि मग बंदरावर माझ्या चुकीला स्वतःचं नाव लावायचं. मला असले उपकार नकोत. होडी विकलीत तर मी आयुष्यभर मासे खाणार नाही. तुम्ही हसाल, पण मी लिहून देतोय.

उत्तर पाठवा, शिव्या न गाळता.
चंद्रप्रकाश


माहुल, १७ ऑक्टोबर १९८४

चि. चंदू यास,
आशीर्वाद.

आज मी माझ्या हाताने लिहितोय. प्रेमाक यातला काय वाचूक नको.

होय, माका दिसलेला. तू पाण्यात उभा, कानावर पेन्सिल, तोंडाने वॉटरलाइन वॉटरलाइन चाललेलं. मनात आलं, माल भरला की होडी खाली बसतली, याने ते धरलं असेल ना? मग म्हटलं, एवढ्या शिकलेल्या पोराक मी काय शिकवू. मिलमध्ये असंच असायचं. साहेब मशीनचा पट्टा चुकीचा चढवायचा, आम्ही गप उभे राहून बघायचो, आणि तुटला की मागे जाऊन हसायचो. ती खोड अंगात राहिली. पण तिथे तुटायचा तो त्यांचा पट्टा. इथे होडी माझी आणि साहेब माझ्या बहिणीचा झील. म्हणून बंदरावर बोललो ते खोटं नव्हतं. अर्धं तरी नव्हतं.

भोकात सागाची खुंटी ठोकून वर डांबर फासलं. काशीरामला सांगितलं, गिऱ्हाईक नको. कोंबड्या टाकीखालून निघत नाहीत, त्यांना हाकलायचं काम तुझं. टाकी परत बसवू. पण पाणी होडीबाहेर सोडायचं नाही, आत तळाला सोडायचं आणि डब्याने उपसायचं. माझा बाप तेच करी, त्याला पेन्सिल लागली नाही.

मालनला सांग, भाऊबीजेला येतो, ताटावर एकटी बसू नको.

त्याआधी रविवारी तू ये. होडीत काशीराम, प्रेमा, ओलं जाळं आणि बर्फाच्या जागी दगड भरणार. भरलेली होडी किती बसते ते बघून मगच खूण करायची, म्हणजे माल किती घ्यायचा ते कळेल. माझा राग गेलाय असं समजून येऊ नको. या खेपेला मी काठावर बसायचो नाय. पाण्यात तुझ्या शेजारी उभा राहीन, आणि चुकलास की तिथल्या तिथे सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडेन.

माया होती तेवढीच आहे, ती उपसून संपायची नाही.
तुझा मामा,
दत्ताराम