शोकांतिकेला पालकांची सही

ती. करिन मावशीस लिनियाचा नमस्कार. तुझा नवा गुडघा बर्फात कुरकुरत नसेल, अशी आशा. इकडे आम्ही ठीक आहोत. (हे वाक्य बाबांचं. आई गेल्याला पाच महिने झाले, ते सगळ्यांना हेच ऐकवतात.) शेजाऱ्यांनी तेव्हा आमच्या जेवणाला ओव्हनमध्ये भाजलेली बटाटा-मटणाची हॉटडिश आणली होती, तिची सात रिकामी भांडी अजून आमच्याकडेच आहेत. बुडाला चिकटपट्टीवर नावं आहेत, पण परत द्यायला गेलं की लोक मान तिरकी करून बघतात. त्यामुळे ती आता आयुष्यभर आम्हीच सांभाळणार असं दिसतं.

आता शाळेची हकीकत. इंग्रजीच्या वर्गाला यंदा चारशे वर्षांपूर्वीची एक शोकांतिका आहे. त्यात इतकी माणसं मरतात की शेवटी पडदा कोण पाडतं, हाच प्रश्न पडावा. असलं काही शिकवायचं तर आमच्या शाळेला घरून सही लागते. (आईच्या वेळी कुणी परवानगी मागितली नव्हती.) माझा फॉर्म परत गेला नाही, तेव्हा मिस ओस्टबी बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिनिया, बाळा, तुला नसेल वाचायचं तर राहू दे हं. तू आपली लायब्ररीत बस." माझ्याशी हल्ली सगळेच असं बोलतात, पाळण्यातलं पोर जागं होईल म्हणून बोलावं तसं. मला याचा भयंकर राग येतो.

लायब्ररीच्या ग्रुबर बाईंनी मला एका कुत्र्याची गोष्ट दिली, आनंदी म्हणून. शंभराव्या पानावर कुत्रा खोकायला लागला. मी ते सहज बोलून गेले, तर बाईंनी पुस्तक हिसकावून शेवटची पानं चाळली आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हे नको, तू हे बघ!" म्हणत त्यांनी विणकामाचं मासिक माझ्या हातात कोंबलं. मग त्या स्वतःच मुसमुसू लागल्या, आणि कुत्र्याबद्दल त्यांची समजूत मी घातली.

वर्ग आणि लायब्ररीमधली भिंत पातळ आहे. काल राणी मेली. राणी वाचत होता हॉकीवाला डेरिक. तो कॅन्टीनचा मेनू वाचावा तसा मेला. पोरं फिदीफिदी हसली. मग राजा झालेली मेगन ओरडली, "ऊठ ना! एकदा तरी ऊठ!" त्यावर कुणी हसलं नाही. मावशी, आमच्या घरात पाच महिन्यांत कुणी ओरडलेलं नाही. मला त्या वर्गात बसायचंय, जिथे माणसं मोठ्यानं रडतात आणि वर त्याचे गुण मिळतात. सोमवारी शेवटचा अंक आहे.

तुझी,
लिनिया

ता. क. शनिवारी येऊन माझ्या फॉर्मवर सही करशील का? बाबांना सध्या कागदपत्रं बघवत नाहीत.

ता. क. (दुसरा) वरचं खोटं आहे. बाबांनी तो फॉर्म पाहिलेलाच नाही, तो माझ्या दप्तरात आहे. त्यावर सहीसाठी दोन ओळी आहेत, एक वडिलांची, एक आईची. बाबा अजूनही आपली सही झाली की कागद पेनासकट टेबलाच्या पलीकडे सरकवतात. दाताच्या डॉक्टरांचा कागद तसाच दोन दिवस तिच्या खुर्चीपुढे पडून होता. शनिवारी त्या खुर्चीत तू बस.