लोरिसच्या जागी

प्रिय इव्हान,

रविवारी जेवताना डॉक्टरांचं बोलणं किती ऐटीत सांगितलंस! हृदयाच्या भिंती जाड झाल्यात, पण सायकलचा एवढा सराव केला की होतातच; घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं नसेल तर काळजी नाही. मक्याच्या पिठाचा पोलेंता वाढता वाढता तुझी आई म्हणाली, "बापाचं काळीज घेऊन आलंय लेकरू." सगळे हसले. मी हातातला घास ताटात परत ठेवला. चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती, हे नंतर अंगणात तू मला एकट्यालाच सांगितलंस, तेही हसत.

तुझा बाप लोरिस असाच हट्टी. चोविसाव्या वर्षी त्याच्या हृदयाचा आलेख डॉक्टरांना खटकला. पुढच्या तपासण्यांशिवाय तंदुरुस्तीचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय आपल्या इटलीत कुणी शर्यतीला उभं करत नाही. तो तडक माझ्या बेकरीत आला. "बेपी, दुसऱ्या गावात एक डॉक्टर आहे. तोंडं आपली सारखीच. माझ्या नावाने आडवा पड, तारा लावून घे. भावासाठी एवढंही जमत नाही होय रे?" मी गेलो. मी पाव पोचवण्यापुरती सायकल चालवणारा. माझा आलेख बघून डॉक्टर खूश. परतताना आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सात आठवड्यांनी शर्यतीत मी त्याच्या मागच्या गाडीत होतो. तू तेव्हा आठ महिन्यांचा. खडीवरून चाक घसरून तो गेला असं सगळं गाव सांगतं, कारण मीच तसं सांगितलं. खरं म्हणजे आधी त्याची मान खाली गेली, मग हात सुटले, मग सायकल पडली. रस्ता स्वच्छ होता.

'घरात कुणी तरुणपणी हृदयाने गेलं का?' या अर्जावरच्या प्रश्नापुढे तुझी आई दरवर्षी 'नाही' लिहिते. तिला बिचारीला ठाऊकच नाही. ते खोटं माझं आहे. तू सरावाला गेलास की फोन वाजला तरी मी हातातलं काम टाकून धावतो.

म्हणून काल मी तुझ्या डॉक्टरांना सगळं लिहून दिलं, खाली सही केली. तुझा दाखला थांबलाय. येत्या शर्यतीत तू नाहीस. आता रक्त तपासतील, बापाकडून तुझ्यात काय आलंय ते बघतील. कदाचित काहीच नसेल, कदाचित शर्यती कायमच्या सुटतील. आईला आज दुपारी सांगणार आहे. ती मला पुन्हा दारात उभं करणार नाही. तूही करू नकोस. पण निकाल येईपर्यंत सायकलला हात लावू नकोस, पोरा. हे मी लोरिसला म्हणायला हवं होतं.

तुझाच,
बेपीकाका