दुसरी सही

३ एप्रिल
हँगरमधला अपघाताचा जुना फलक काढून तिथे दगड बसवणार आहेत. संग्रहालयाचे व्यवस्थापक मजकूर घेऊन आले — 'वैमानिकाच्या चुकीने विमान समुद्रात कोसळले.' म्हणाले, "काका, हा विमानतळ चालू होता तेव्हाचे तुम्हीच उरलात. एकदा नजर घाला." घातली. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

चूक वैमानिकाची नव्हती. आम्हा मेकॅनिकांना नियम होता — एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. जोडीदाराने इंधनाची नळी जोडली. मी चहाला निघालेलो. तो म्हणाला, "घट्ट केलीय रे." मी न बघता सही ठोकली. सगळेच ठोकायचे! ती नळी हवेत सुटली. एकतीस वर्षं झाली.

९ एप्रिल
धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला सुरय पक्ष्यांनी अंडी घातली. दोरी बांधली. खडे समजून लोक पाय देतात. मी फिरवत होतो त्या सहलीतल्या एका मुलीने विचारलं, विमानं होती तेव्हा हे पक्षी कुठे जायचे? आम्ही हाकलायचो, म्हटलं.

१४ एप्रिल
त्या वैमानिकाच्या मिसेस पुढच्या आठवड्यात येतील. दरवर्षी याच सुमारास येतात. आधी टॉवर, मग हँगर, मग वाळूच्या टेकड्यांवरून पक्षी. तास-दीड तास माझ्या शेजारून चालतात, आभार मानून जातात. दरवर्षी मनाचा हिय्या करतो आणि दरवर्षी जीभ रेटत नाही. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही. दगडावर कोरलं की संपलंच. यंदा सांगायचं.

२१ एप्रिल
बाई आल्या नाहीत. लेक आली. "आई जानेवारीत गेली," म्हणाली.

टेकडीवर बसवून सगळं सांगितलं तिला. सही, चहा, सगळं. वाटलं, ओरडेल. तिने दुर्बीण पिशवीत ठेवली आणि निघून गेली.

२२ एप्रिल
व्यवस्थापकांना लेखी दिलं. दगडाचं काम थांबवलंय.

३० एप्रिल
लेकीचं पत्र आलं. माझा जोडीदार मरायच्या आधी बाईंना भेटून सगळं सांगून गेला होता, माझ्या सहीसकट. बारा वर्षांपूर्वी. त्यानंतरच बाई इथे यायला लागल्या.

"आईला पक्ष्यांची काही आवड नव्हती, काका. तुम्ही आपणहून कधी सांगता, त्याची ती वाट बघत होती."