स्टालिनग्राडची शाल

५ जाने., सोम.
गॅदरिंगला यंदा फिल्मी नाच नको, "काहीतरी इतिहासाचं बसवा", असं मुख्याध्यापक (पुढं मुख्या.) म्हणाले. शाळेत इतिहासाची बाई मी एकटीच, तीही कंत्राटी, म्हणजे बसवणार कोण हे विचारायलाच नको. मी स्टालिनग्राड म्हटलं (पुढं नुसतं स्टा.). नववीच्या पोरांना वाटतं महायुद्ध अमेरिकेनं विमानातून येऊन जिंकलं. अख्खा युरोप गिळत आलेले जर्मन कुठं अडले आणि कुणी अडवले, ते एकदा डोळ्यांनी दिसू दे.
लगेच डोक्याला ताप. सगळ्यांना जर्मनच व्हायचंय. का, तर "मॅडम, त्यायचे ड्रेस भारी असतेत."

८ जाने.
जर्मन सेनापती विराज. संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे बापूंचा नातू. निवड माझी नाही, मुख्यां.ची. रशियन सेनापती मात्र मी ठरवली, शबनम. तिचे अब्बा घनसावंगी-तीर्थपुरी जीप चालवतात. त्यांची अट एकच, "बोलायचं काम हाय तर करू द्या, नाचायचं न्हाई."
बर्फ म्हणून कापूस. केसात, नाकात, माझ्या डब्यातसुद्धा. जर्मनांना मंकी कॅप. शहरामागची व्होल्गा नदी पोरांना काही केल्या कळेना, मग म्हटलं, पाठीशी गोदावरी, समोर जर्मन, पळणार कुठं? तेव्हा कुठं रशियन जरा लढायला लागले.

१३ जाने., मंगळ.
तालमीला बापू आले. सगळं गोडीनं बघितलं. शेवटी विराजनं हात वर केले आणि बापू ताडकन उठले.
"मॅडम, आमच्या घरचं पोरगं गावासमोर हात वर करून राह्यलं?"
"बापू, जर्मन शरण आले होते."
"आले असतील. पन शेवट गोड करा. दोघं समोरासमोर, शाल, नारळ. मिटलं!"
बापू गावच्या तंटामुक्ती समितीचेही अध्यक्ष. बांधावरून डोकी फोडलेल्या भावांना त्यांनी असंच शाल-नारळ देऊन एका सतरंजीवर बसवलंय. चांगलंच काम आहे, नाही कोण म्हणतं? पण स्टा.ला लाखो माणसं मेली, गोठून, उपाशी. त्यांना नारळ?
बापूंच्या मागून मुख्या. मला डोळ्यांनी दटावत होते. येत्या जूनपासूनची माझी नेमणूक बापूंच्या सहीवर आहे. "बघते," म्हणाले. शी.

१४ जाने.
संक्रांत. दिवसभर गोड बोलले. जबडा दुखतोय.
हे एमआयडीसीतून आले, अंगाला रोलिंग मिलचा वास. म्हणाले, "एका शालीनं काय बिघडतंय? नोकरी बघ." त्यांचं चुकत नाही, म्हणूनच जास्त राग आला. भाजीत मीठ विसरले. मुद्दाम नाही.

१९ जाने., सोम.
पोरांना नवा शेवट सांगितला. विराज वैतागला, "मॅडम, माझी हात वर करायची प्रॅक्टिस झाल्ती ना!"
शबनम म्हणाली, "मॅडम, इथंच मिटलं, तर मंग बर्लिनपर्यंत कोण गेल्तं?"
दोन आठवडे हेच तर शिकवत होते. स्टा.पासून जर्मन मागं मागं सरकले, रशियन थेट त्यांच्या राजधानीत जाऊन थांबले. आणि मी काय म्हणाले? "चूप बस, जास्त शहाणपणा नको."
ती खाली पडलेला कापूस गोळा करायला लागली. मला स्वतःची लाज वाटतेय.

२४ जाने., शनि.
झालं एकदाचं. 
बापू पुढच्या रांगेत पाहुण्यांसोबत. नारळ एका रशियन शिपाई झालेल्या पोराकडं, शाल शबनमकडं. विराजनं पुढं येऊन हात मिळवायचा होता. आला. कापसात पाय अडखळला, कॅप पडली. समोर गाव बघून थबकला. आणि सरळ दोन्ही हात वर!
शबनमनं विंगेत माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली, उगाच नंतर शब्द फिरवायला नको.
तिनं जुनं वाक्य घेतलं, "हत्यार खाली टाका. आता आम्ही येऊ, तुमच्या राजधानीपर्यंत." मग शाल विराजच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "थंडी वाजत असंल." हे कुणी लिहिलं नव्हतं. मला रडू आलं.
नारळवाला पडदा पडेपर्यंत नारळ धरून उभा, गाढव. टाळ्या खूप. बापूंनी वाजवल्या नाहीत. एकटक नातवाकडं बघत होते.

२५ जाने., रवि.
सकाळीच मुख्यां.चा फोन, "मॅडम, काय करून बसलात हे?" घरात यांनी तर बोलणंच टाकलंय.
दुपारी खुद्द बापूंचा. "विराजनं शाल काढली न्हाई अजून. अंगावर घेऊनच झोपला. उद्या झेंडावंदन झालं की घरी या. त्या पोरीला बी आना."
आवाजात राग होता का? कळेना. "कशासाठी, बापू?" विचारलं तोवर फोन बंद.
संध्याकाळी शबनमच्या घरी गेले. अब्बा म्हणाले, "मी जीपनं सोडतो. बाहेरच थांबतो, फिकर करू नका." फिकर त्यांच्याच तोंडावर दिसत होती.
शबनम दारापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, "मॅडम, तिथं आपल्याला हात वर करावं लागंल का?"
म्हटलं, झोप आता, सकाळी गणवेश इस्त्रीचा घाल.
माझी साडी काढून ठेवलीय. इस्त्री करायची राहिलीच.