शिकण्यापुरतं

बुकित बातोक, मंगळवार, ऑक्टोबर २०१४

आज लेकीला, इराला ओरडले आणि स्वतःचेच शब्द ऐकून गार पडले.

आठवडाभर संशोधनातला तो शाप डोक्यात घोळतोय. हजारेक वर्षांपूर्वी बायझंटाइन साम्राज्यातले ख्रिस्ती पंडित जुनं ग्रीक तत्त्वज्ञान पुन्हा वाचायला लागले, तेव्हा चर्चने वाचायला बंदी केली नाही. शिकण्यापुरतं वाचा, म्हणाले. जो ते खरं मानेल त्याला शाप. तोही दरवर्षी, भर चर्चमध्ये वाचून दाखवायचा. युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये हे सांगून मी किती हसले होते.

आणि आज? घरी आले तर इरा हात जोडून, डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. उद्या तिचा गणिताचा पेपर. स्तोत्र मीच शिकवलेलं, जिभेला वळण लागावं म्हणून. देव आमच्या घरात कधीच नव्हता. मी ओरडले, “अगं, हे फक्त शिकण्यापुरतं होतं. खरं नाही मानायचं.”

शिकण्यापुरतं. माझ्या तोंडून?

“देन व्हाय यू टीच मी, आई?” एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे पाठ केली, पुन्हा हात जोडले आणि उरलेलं स्तोत्र मनातल्या मनात पूर्ण केलं.

तो शाप ऐकताना त्या पंडितांनी तरी दुसरं काय केलं असेल?